सात शुक्रवारांचा उपास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा फोन दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी एखादी पाककृती देऊन सुटका करून घेते. नाताळच्या करंज्या झाल्या, अनारसे झाले, गेल्या खेपेला तर खजुराची पोळीसुद्धा झाली. या वेळी मात्र फोनवरच्या ताईंनी बजावले, "रेसिपी नको हं, काहीतरी अनुभवाचे लिहा." मग ठरवले, खाण्याबद्दल इतकी वर्षे लिहिले, आता न खाण्याबद्दल लिहावे.

आम्ही मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण तोंडात अजून नगरच येते. तालुका नेवासा. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे. त्याच तालुक्यात वडाळा मिशन आहे आणि आमचे घराणे चार पिढ्यांपासून तिथल्या मंडळीतले. मंडळात नवीन ओळख झाली की हमखास प्रश्न येतो, "ख्रिश्चन म्हणजे तुम्ही गोव्याचे का?" नाही हो, आम्ही भाकरी-पिठल्याचे ख्रिस्ती! १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला पोचले. तेव्हापासून आमच्याकडे पवित्र शास्त्र मराठीत वाचतात, भजने पेटी-तबल्यावर म्हणतात आणि नाताळला करंज्या तळतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरलाच राहिले आणि तिथेच त्यांनी आमच्यासाठी भजने रचली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तर आपल्या सगळ्यांच्या घरात असते.

आमच्यात चर्चच्या लोकांना 'मंडळी' म्हणतात. माझा मुलगा लहानपणी म्हणायचा, "गुरुवारी मंडळ, शुक्रवारी मंडळी." शुक्रवारी का, ते कतारकरांना सांगायला नको. इथे सुटी शुक्रवारची, त्यामुळे आमचा रविवार शुक्रवारी येतो.

आम्ही २००६ मध्ये इथे आलो. अल अझीझियाला एका व्हिलाचे तीन भाग केलेले होते, त्यातला मागचा भाग आम्हाला मिळाला. त्या डिसेंबरमध्ये एशियन गेम्स होते. घराच्या गच्चीवरून खलिफा स्टेडियमचे दिवे आणि नवा कोरा अस्पायर टॉवर दिसायचा. त्या वेळी दोह्यात चर्चची इमारत नव्हती. मार्च २००८ मध्ये अबू हमूरजवळच्या मोठ्या आवारात कॅथलिक चर्च उघडले, तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते की सातव्या शतकानंतर कतारमध्ये उघडलेले हे पहिलेच चर्च. जमीन तेव्हाचे अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी दिली. बाहेरून क्रूस नाही, घंटा नाही. दारावर तपासणी करूनच आत सोडतात. पण आत गेले की एकाच आवारात कॅथलिक, अँग्लिकन, कॉप्टिक, ग्रीक आणि आपले मल्याळी, तमिळ अशा कितीतरी भाषांतली उपासना ऐकू येते.

सातव्या शतकाचा उल्लेख वाचून मला मोठे आश्चर्य वाटले होते. म्हणजे त्याआधी इथे चर्च होते! मग ह्यांनी शोधून सांगितले की आखाताच्या या किनाऱ्याला तेव्हा 'बेथ कत्राये' म्हणत आणि इथल्या ख्रिस्ती लोकांत एक मोठे साधू होऊन गेले, निनवेचे इसहाक. त्यांना निनवे शहराचे बिशप केले होते. पाच महिन्यांत ते पद सोडून ते डोंगरात एकांतवासाला गेले. प्रार्थना, मौन आणि उपवास यांवर त्यांनी लिहिलेले आजही वाचले जाते. इतके वाचन केले की शेवटी दृष्टी गेली, असे सांगतात. आपल्या घराजवळच्या मातीतला एक माणूस उपवासावर लिहून गेला आहे, हे तेव्हा फक्त ऐकून ठेवले होते. त्याचा अर्थ पुढे कळायचा होता.

२००९ मध्ये पाच मराठी कुटुंबांनी आमच्या हॉलमध्ये प्रार्थनेला जमायला सुरुवात केली. मोठी उपासना चर्चच्या आवारात इंग्रजीतून व्हायची, पण मन भरायचे नाही. देवाशी भांडायचे असेल तर ते मराठीतच जमते! शुक्रवारी संध्याकाळी सोफे भिंतीला लावायचे, चटया घालायच्या, एक शास्त्रपाठ, चार भजने, प्रार्थना आणि मग चहा-पोहे. इथल्या कायद्याने दुसऱ्या धर्माच्या लोकांत जाऊन प्रचार करायला बंदी आहे आणि तो आमचा उद्देशही नव्हता. आपली माणसे, आपली भाषा, एवढेच. २०१५ पर्यंत सोळा कुटुंबे झाली. नगरचे होते, सोलापूरचे, जालन्याचे, मिरजेचे, वसईचे एक कुटुंबही यायचे. नाताळला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे.

मग ओहोटी लागली. जून २०१७ मध्ये शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या, तेव्हा काही जणांच्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मार्च २०२० मध्ये सगळी प्रार्थनास्थळे बंद झाली. आम्ही झूमवर जमायला लागलो. झूमवर भजन म्हणणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. पेटी पुढे, आवाज मागे! त्यानंतर २०२२ चा वर्ल्ड कप झाला. स्टेडियमे, रस्ते, मेट्रो सगळे बांधून झाले आणि बांधणाऱ्यांची गरज संपली. १८ डिसेंबरला फायनल झाली आणि जानेवारीत आमच्यातली तीन कुटुंबे सामान बांधत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही मोजून चार घरे उरलो.

सगळा दोष परिस्थितीला देऊन चालणार नाही. एक घर माझ्यामुळे गेले. त्यांची मुलगी दहावीत होती, गिटार छान वाजवायची. तिची इच्छा होती की दोन भजने हिंदी-इंग्रजीतून घ्यावीत, म्हणजे मुले रमतील. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मराठी नको असेल तर इथे यायचेच कशाला? बाहेर इंग्रजी चर्च आहेत की." बोलून गेले खरे. पोरीचा चेहरा पडला. पुढच्या शुक्रवारी ते घर आले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी मनाशी म्हणत राहिले, आपण भाषेसाठी बोललो. टिळकांनी एवढी भजने रचली ती काय इंग्रजी गाण्यांसाठी? आपली चूक झाकायला माणूस किती मोठी नावे वापरतो!

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही सात माणसे बसलो होतो. भजन कोणी सुरू करेना. शेवटी हेच म्हणाले, "आता हे बंद करू या. उगीच ओढत न्यायला नको." आमच्यातले सर्वांत वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळे मामा म्हणतात, जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बंद करायला एक मिनिट लागेल. त्याआधी सात शुक्रवार उपास करू आणि शास्त्र वाचू. देव काय म्हणतो ते तरी ऐकू. मग बंद करू."

भस्म बुधवार त्या वर्षी २२ फेब्रुवारीला होता आणि उत्तम शुक्रवार ७ एप्रिलला. मध्ये बरोबर सात शुक्रवार येत होते.

मला उपासाची धास्ती नव्हती. घरात ती सवय होती. माझ्या आजीने १९७२ चा दुष्काळ पाहिलेला. विहिरी आटलेल्या, माणसे खडी फोडायच्या कामावर, रेशनवर लाल मिलो आणि मुलांना सुकडी. त्या दिवसांत गावच्या पाळकांनी उपास-प्रार्थना जाहीर केली, तेव्हा आजी उठून म्हणाली होती, "पाळकसाहेब, आम्ही रोजच उपाशी. उपाशी माणसाचा उपास देवाला कसा कळायचा?" पाळकांनी उत्तर दिले, "ज्याच्या घरी आज दोन भाकरी आहेत त्याने एक खावी. उरलेली मंडळीत आणावी. हाच उपास." आजी सांगायची, त्या दिवशी टोपलीत सोळा भाकरी जमल्या आणि त्या वेशीबाहेर थांबलेल्या एका कुटुंबाला दिल्या. ते कुटुंब ख्रिस्ती नव्हते. पाऊस त्या आठवड्यात आलाच नाही. लहानपणी मला ही गोष्ट अपुरी वाटायची. पाऊस नाही आला तर मग उपासाचा उपयोग काय?

आमचा उपास म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त पाणी. पहिल्याच शुक्रवारी शेजारच्या साताऱ्याच्या काकूंना कळले आणि त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन हजर! "अहो काकू, आमच्या उपासाला काहीच चालत नाही," म्हटल्यावर त्यांना खरेच वाईट वाटले. "साबुदाणा नाही, वरई नाही, रताळे नाही? मग तुम्हाला एकादशी दुप्पट खाशी कधी कळणार गं?" खिचडी मात्र ठेवून गेल्या. संध्याकाळी तीच खाऊन आम्ही उपास सोडला.

पहिले दोन शुक्रवार आम्ही नहेम्याचे पुस्तक वाचले. यरुशलेमचा कोट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही बातमी नहेम्याला दूर परदेशात नोकरीत असताना कळते. तो बसून रडतो, उपास करतो, मग रजा काढून गावी जातो. मामा म्हणाले, "बघा, हासुद्धा आपल्यासारखाच. राजाच्या नोकरीत, घरापासून लांब." आम्हाला हसू आले. कोट बांधताना प्रत्येकाने आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधला, हे वाचताना सगळ्यांना हुरूप आला. पण पाचव्या अध्यायाशी गाडी अडली. कोट चढत असतानाच गोरगरीब तक्रार घेऊन येतात की आमच्याच भाऊबंदांनी आमची शेते गहाण ठेवून घेतली, आमची मुले विकायची वेळ आली. नहेम्या कोटाचे काम बाजूला ठेवतो आणि आधी त्याचा निवाडा करतो. मामांनी पुस्तक मिटले आणि विचारले, "आपण कोट बांधायचा म्हणतो आहोत. आपल्याकडे कोणाची तक्रार आहे का?" कोणी काही बोलले नाही. मी चटईची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

तिसऱ्या शुक्रवारी मी केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट सांगितली. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुलींना प्रार्थनेला बोलावले. सुरुवातीला सुमारे सत्तर जणी पुढे आल्या, जूनपर्यंत पाचशेहून जास्त झाल्या. जूनच्या अखेरीस तिथे जे आध्यात्मिक जागरण झाले ते जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात लिहिले गेले. मला ती गोष्ट सांगायची होती ती आकड्यांसाठी. सात माणसांची सत्तर व्हावीत म्हणून. पण सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की सुरुवात १९०५ मध्ये झालीच नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या आणल्या. आधी त्यांना जेवू घातले, लिहायला शिकवले, छापखाना आणि शेती शिकवली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच मुलींच्या हातांनी त्याच छापखान्यात जुळवले गेले. आधी भाकरी, मग अक्षरे आणि त्यानंतर ते जागरण. मला आजीची टोपली आठवली.

चौथ्या शुक्रवारी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय होता. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास करतो, तू पाहत का नाहीस? आणि देव सांगतो की मला हवा तो उपास वेगळा. अन्यायाची बेडी तोडा, भुकेल्याला आपल्यातले अन्न द्या, बेघराला घरात घ्या, आपल्याच रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ फिरवू नका. वाचन झाले आणि ह्यांनी हळूच विचारले, "तो जालन्याचा मुलगा दिसला का कोणाला?"

हा मुलगा एका कंत्राटदाराकडे वेल्डर होता. आमच्याकडे तबला वाजवायचा. नोव्हेंबरपासून आला नव्हता. फोन केला की "ड्यूटी आहे, ताई," म्हणायचा आणि आम्ही विश्वास ठेवला. खरे सांगायचे तर आम्ही गैरहजरांची यादी करून रडत होतो, पण त्यातल्या एकाच्याही दारात गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी शनिवारी हे आणि मामा सनायाला, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, त्याच्या कॅम्पवर गेले. एका खोलीत आठ जण होते. चार महिन्यांचा पगार थकला होता. घरी बहिणीच्या लग्नाचे कर्ज. आठही जण एका वेळच्या खुबूस आणि डाळीवर होते. "उपासाला बसताय असं ऐकलं, ताई," तो मला नंतर म्हणाला, "मला वाटलं, आपण तर बिनबोलावता बसलोच आहोत." आजीने १९७२ मध्ये जे विचारले तेच तो २०२३ मध्ये विचारत होता.

त्यानंतरचे आमचे उपास बदलले. प्रत्येक घराने शुक्रवारच्या स्वयंपाकाचे सामान बाजूला काढायचे आणि त्या खोलीत पोचवायचे. तांदूळ, डाळ, तेल, अंडी. खोलीत दोन नेपाळी होते, दोन बांगलादेशी, एक बिहारचा, बाकीचे आपले. काकूंना कळले तेव्हा त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणि दहा किलो तांदूळ दिले. म्हणाल्या, "माझी एकादशी १ एप्रिलला आहे, तेव्हाचे आणखी वेगळे देईन." मामांनी मुलाला बरोबर घेऊन कामगारांच्या तक्रारीसाठी असलेल्या समितीकडे अर्ज लिहून दिला. २०१८ पासून अशा समित्या आहेत, पण अर्ज कुठे आणि कसा करायचा हे खोलीतल्या कोणालाच नीट ठाऊक नव्हते. २०२० पासून जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलता येते, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते.

एव्हाना रमजान लागला होता. २२ मार्चला आम्ही काकूंकडे गुढीपाडव्याला गेलो आणि २३ ला पहिला रोजा. शेवटचे तीन शुक्रवार सारे शहरच आमच्याबरोबर उपाशी होते. ३१ मार्चला संध्याकाळी आम्ही सामान देऊन परत आलो तेव्हा मगरीबची अजान सुरू होत होती. आमच्या व्हिलाचा चौकीदार पायरीवर खजूर मांडून बसला होता. त्याला आमच्या उपासाचे माहीत होते. त्याने बशी पुढे केली. त्याचा रोजा आणि आमचा उपास एकाच खजुराच्या बशीवर सुटला. त्या वेळी कोणी काही बोलले नाही, फक्त पाण्याची बाटली या हातातून त्या हातात फिरली.

माझा खरा उपास अजून बाकी होता. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री मी त्या गिटारवाल्या मुलीच्या घरी गेले. दार तिनेच उघडले. मी आधी इकडचे तिकडचे बोलले, परीक्षा कशी झाली वगैरे. मग म्हणाले, "बाळा, मी त्या दिवशी चुकले. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून माफीसुद्धा सगळ्यांसमोर मागेन." तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, आम्ही तुमच्या फोनची वाट पाहत होतो." पाच महिने! एका फोनचे अंतर, आणि मी सोळा कुटुंबे कशी परत येतील म्हणून प्रार्थना करत होते.

९ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण. इथे रविवार म्हणजे कामाचा दिवस, म्हणून पहाटे साडेचारला गच्चीवर जमलो. मोजले तर पंधरा माणसे होती. जालन्याचा मुलगा तबल्यावर, ती मुलगी गिटारवर. एक भजन मराठीत झाले, एक हिंदीत. गिटार आणि तबला एकमेकांना सांभाळून घेत होते आणि मला ते कानाला मुळीच खटकले नाही. अस्पायर टॉवरच्या मागे उजाडत होते. चहा घेऊन सगळे कामावर पळाले.

वाचकहो, ही चमत्काराची गोष्ट नाही. पंधराचे पन्नास झाले नाहीत. त्या मुलाला थकलेला पगार मिळायला बरेच महिने लागले, पण मिळाला. आता तो दुसऱ्या कंपनीत आहे आणि पगाराच्या दिवशी स्वतः कुणाच्या तरी खोलीवर तांदूळ घेऊन जातो. ती मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली. मामाही निवृत्त होऊन गावी परतले. आज आम्ही सात घरे आहोत. उद्या कदाचित पाच असू. परदेशातल्या मंडळींचे असेच असते, विमानतळावर निरोप देण्यातच अर्धे आयुष्य जाते. पण बंद करायचा विषय पुन्हा कोणी काढलेला नाही.

आपल्या मंडळातही ऐकते, हल्ली कार्यक्रमांना माणसे येत नाहीत, नवी पिढी येत नाही. उपाय सांगण्याएवढी मी मोठी नाही. फक्त आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली. गैरहजरांची यादी करताना एकदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन यावे. आजीच्या टोपलीत सोळा भाकरी जमल्या आणि पाऊस आला नाही, तरी ती गोष्ट अपुरी नव्हती, हे मला कतारमध्ये येऊन कळले.

आणि हो, पुढच्या वर्षी पुन्हा पाककृतीच देईन. काकूंची साबुदाण्याची खिचडी!